पहिल्या नंबरावर गाणाऱ्याचं काय चुकतं?

वर्धा-अमरावतीकडे एखाद्या गावात खंजिरी भजन स्पर्धा असली, की भजनी मंडळाची गाडी शाळेच्या मैदानात लागताच पहिली चौकशी बक्षिसाची होत नाही आणि परीक्षक कोण याचीही होत नाही. "नंबर कितवा निघाला?" हा, म्हणजे चिठ्ठीने ठरणाऱ्या गाण्याच्या क्रमाचा, पहिला प्रश्न. चिठ्ठी एक ते पाचातली निघाली की पेटीवाल्यापासून कोरसवाल्यापर्यंत सगळ्यांचे चेहरे उतरतात. "पयलाच नंबर आला बाप्पा, आता काय भेटते आमाले!" असं म्हणणाऱ्याला लोक रडका ठरवतात. पण तो बरोबर बोलत असतो, आणि त्याच्या बाजूने साक्ष द्यायला पार युरोपातले आकडे आहेत.

युरोपात युरोव्हिजन नावाची गाण्याची स्पर्धा दरवर्षी दूरचित्रवाणीवर होते. पहिली १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो शहरात झाली, तेव्हा सात देश होते आणि प्रत्येकाने दोन-दोन गाणी आणली होती. आता एका देशाचं एकच गाणं असतं. ते तीन मिनिटांच्या आत संपलं पाहिजे, मंचावर सहापेक्षा जास्त माणसं नकोत, मुख्य गायन थेट हवं आणि साथसंगत आधीच ध्वनिमुद्रित केलेली असते. १९७५ पासून प्रत्येक देश आपल्या आवडीच्या दहा गाण्यांना १२, १०, ८ आणि पुढे ७ पासून १ पर्यंत गुण देतो. स्वतःच्या देशाला गुण देता येत नाहीत. कोणी कोणाला किती गुण दिले हे सगळं जाहीर असतं, आणि अशा निकालांचा अनेक दशकांचा साठा म्हणजे संशोधकांसाठी भरलेलं कोठारच.

वान्डी ब्रुइने द ब्रुइन या संशोधिकेने २००५ साली युरोव्हिजनचे निकाल आणि फिगर स्केटिंगच्या जागतिक व युरोपीय स्पर्धांचे निकाल तपासले. दोन्हीकडे एकच गोष्ट दिसली. क्रम जसजसा पुढे सरकतो तसतसे गुण वाढत जातात. यातली खरी खुबी अशी की स्केटिंगमध्ये परीक्षक प्रत्येक खेळाडूनंतर लगेच गुण देतात, तर युरोव्हिजनमध्ये सगळं ऐकून झाल्यावर. शेवटी गुण देताना आधीचं विसरलं जातं, हे कोणालाही पटेल. पण लगेच गुण देतानाही तसंच होत असेल तर दोष एकट्या आठवणीवर ढकलता येत नाही.

मग दोष कशाचा? परीक्षकाच्या टेबलावरचा कागद डोळ्यांसमोर आणा. सूर, ताल, शब्दोच्चार, शिस्त, वेशभूषा असे रकाने आखलेले. पहिलं मंडळ बसलं, दमदार गायलं. परीक्षकाच्या हातात पेन आहे, पण पुढे काय दर्जाचं ऐकायला मिळणार याचा त्याला पत्ता नाही. ९० दिले आणि पुढे याहून सरस कोणी आलं तर वर जागा उरत नाही. म्हणून तो ७४ वर थांबतो. हे हात राखून देणं त्याच्या अनुभवाचंच लक्षण आहे, लबाडीचं नव्हे. दुसरं कारण जरा खोलातलं आहे. नंतर येणाऱ्याची तुलना आपण आधीच्याशी करतो, आणि करताना नजर जाते ती नव्याने दिसलेल्या गोष्टींवर. आठव्या मंडळाने चाल बदलली, मध्येच अभंगाची ओळ गुंफली, तर ते ठळकपणे जाणवतं. पहिल्या मंडळाने तेच केलं होतं, पण तेव्हा तुलनेला समोर कोणी नव्हतं.

बेल्जियममध्ये क्वीन एलिझाबेथ संगीत स्पर्धा होते. तिच्या अंतिम फेरीत बारा वादक सहा रात्रींत वाजवतात, रोज दोन, आणि क्रम चिठ्ठीने ठरतो. व्हिक्टर गिन्सबर्ग आणि सहकाऱ्यांना तिथेही आढळलं, की सुरुवातीच्या दिवशी वाजवणाऱ्यांना वरचे क्रमांक कमी मिळतात. २००३ च्या अभ्यासात तर असंही दिसलं की वरचा क्रमांक मिळालेल्यांची पुढची कारकीर्द जास्त फुलते. म्हणजे एका चिठ्ठीची सावली माणसाच्या उभ्या आयुष्यावर पडते.

"चिठ्ठ्या टाकल्या ना, मग पक्षपात कुठला?" हे आयोजकांचं ठरलेलं उत्तर. चिठ्ठीने क्रमाचा परिणाम पुसला जात नाही. तो कोणाच्या वाट्याला येणार एवढंच दैवावर सोपवलं जातं. युरोव्हिजनने तर २०१३ पासून पूर्ण सोडतही बंद केली. कोण पहिल्या अर्ध्यात आणि कोण दुसऱ्या, यासाठी तेव्हा सोडत काढू लागले आणि नेमका क्रम निर्माते कार्यक्रम रंगेल असा लावू लागले. दूरचित्रवाणीसाठी ते सोयीचंच, पण गाणाऱ्याच्या दृष्टीने पाहिलं तर हा सौदा महाग आहे.

आता डोळ्यांकडे वळू. चिया-जुंग त्साय यांचा २०१३ चा प्रयोग बराच गाजला. आंतरराष्ट्रीय शास्त्रीय संगीत स्पर्धांतल्या पहिल्या तिघांच्या अगदी छोट्या फिती लोकांना दिल्या आणि यातला विजेता ओळखा म्हणाले. काहींना नुसता आवाज, काहींना आवाजासह चित्र, काहींना मुकं चित्र. डोळे झाकून उत्तर दिलं तरी तीनात एक बरोबर यायला हवं. नुसता आवाज ऐकणारे तेवढंही गाठू शकले नाहीत, आणि मुकं चित्र पाहणाऱ्यांची साधारण निम्मी उत्तरं बरोबर आली. व्यावसायिक संगीतकारांचीही गत हीच. आवाजच महत्त्वाचा असतो, असं तेच आधी ठासून सांगत होते. २०१८ साली दुसऱ्या संशोधकांनी प्रयोग पुन्हा केला. त्याच फितींवर निकाल तोच आला, पण दुसऱ्या फिती घेतल्या तेव्हा तो टिकला नाही. त्यामुळे "लोक कानाने नाही, डोळ्यानेच गाणं ऐकतात" असं सरसकट म्हणणं अतिरेक होईल. डोळा कानाच्या कामात हात घालतो, इतकं मात्र नक्की.

पाश्चात्त्य वाद्यवृंदांत निवडीच्या वेळी उमेदवाराला पडद्याआड बसवतात. खंजिरी भजनात हे करा म्हणणं मला पटत नाही. तुकडोजी महाराजांनी खंजिरी हातात घेऊन गावं जागवली. भगव्या टोप्या घातलेल्या रांगेचे हात एका लयीत वर जाणं हा त्या गायकीचाच भाग आहे. रकाना वेशभूषेचा असेल तर वेशभूषेचे गुण जरूर द्यावेत. कडक इस्त्रीचे कुर्ते पाहून सुराच्या रकान्यातही दोन गुण वाढले, तर ती गडबड.

कानही काही साधा साक्षीदार नाही. एकच गाणं थोडं मोठ्या आवाजात लावलं की कानाला ते जास्त भरलेलं आणि जास्त चांगलं वाटतं. कारण हळू आवाजात आपल्या कानाला खालचे, घुमारेदार स्वर कमी ऐकू येतात, आवाज वाढला की ते वर येतात. "साउंडवाल्यानं मारलं आमाले" ही तक्रार म्हणूनच हसण्यावारी नेऊ नये. पहिल्या मंडळाच्या वेळी माइक जुळवणं चालू असतं, चौथ्यापर्यंत सगळं बसतं.

पौष-माघातल्या रात्रीचा हिशेब वेगळाच. उघड्या मंडपात मध्यरात्रीनंतर दव पडायला लागलं की खंजिरीचं कातडं ओलावा शोषतं आणि सैल पडतं. ताणलेल्या पडद्याची कंपनसंख्या ताणाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलते. ताण एक चतुर्थांशावर आला तर कंपनसंख्या निम्मी होते. म्हणून वाजवणारे शेकोटीवर खंजिरी धरतात, बोटाने टिचकी मारतात, पुन्हा धरतात. उष्णतेने ओलावा उडतो, कातडं आवळतं, आवाज टणक होतो. पण मंचावर बसून वीस मिनिटं गेली की उतार पुन्हा सुरू. रात्री नऊला गाणाऱ्याला हा त्रास नाही, पहाटे तीनला गाणाऱ्याला आहे. म्हणजे उशिराच्या क्रमाचा फायदा आमच्याकडे दव थोडाफार कापून घेतं. युरोपातल्या बंदिस्त सभागृहांचे निष्कर्ष आपल्या मंडपाला जसेच्या तसे लावता येत नाहीत ते यामुळे.

इथवर झाली ऐकण्याची गोष्ट. निकालाचा निम्मा खेळ मात्र बेरजेत असतो, आणि तिकडे कोणी बघतच नाही.

समजा तीन परीक्षक आहेत आणि दोन मंडळं. पहिला परीक्षक एका मंडळाला ७८ देतो, दुसऱ्याला ७६. दुसरा परीक्षक ७९ आणि ७७. तिसरा दिलदार आणि तितकाच कठोर, त्याने ६० आणि ९० दिले. बेरीज केली तर २१७ विरुद्ध २४३. तिघांपैकी दोघांना पहिलं मंडळ सरस वाटलं, तरी ढाल दुसऱ्याने नेली. ज्या परीक्षकाचा हात वरखाली जास्त चालतो, त्याचं मत आपोआप जास्त जड होतं. दोघं ७५ ते ८० मध्ये घुटमळत असतील तर त्यांनी न येता घरी झोपलं असतं तरी निकालात फारसा फरक पडला नसता.

यावर उपाय म्हणजे गुणांऐवजी क्रम घ्यायचे. अठराव्या शतकात फ्रान्सच्या जाँ-शार्ल द बोर्दाने हीच पद्धत मांडली होती, आणि युरोव्हिजनचे १२, १०, ८ हे तिचंच भावंड. पण तिथे वेगळा खड्डा आहे. आता तीन मंडळं घ्या. दोन परीक्षकांचा क्रम आहे वरखेड, पिंपळगाव, सावळी (गावांची नावं उदाहरणापुरती). तिसऱ्याचा क्रम पिंपळगाव, सावळी, वरखेड. १२-१०-८ प्रमाणे वरखेडला ३२ आणि पिंपळगावलाही ३२. बरोबरी. सावळीला २६, ते शर्यतीतच नाही. पण सावळीची गाडी वाटेत बंद पडली आणि ते आलेच नाहीत, तर वरखेड ३४ आणि पिंपळगाव ३२. जे मंडळ जिंकणारच नव्हतं, त्याच्या येण्या-न येण्यावर पहिलं बक्षीस हललं. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ केनेथ अॅरो यांनी १९५१ साली गणिताने दाखवून दिलं, की तीन किंवा जास्त पर्यायांच्या क्रमांवरून एकत्र निकाल काढणारी, अशा सगळ्या दोषांपासून मुक्त असलेली न्याय्य पद्धत असूच शकत नाही. एक भोक बुजवलं की दुसरं उघडतं. कोणतं भोक चालेल ते आधी ठरवायचं, इतकंच हातात.

२०१६ चं युरोव्हिजन याचा उत्तम नमुना आहे. त्या वर्षापासून जाणकार परीक्षकांचे आणि प्रेक्षकांचे गुण वेगवेगळे जाहीर होऊ लागले. परीक्षकांत युरोपाबाहेरून आलेली ऑस्ट्रेलिया पहिली आली, ३२० गुण. प्रेक्षकांत रशिया पहिला, ३६१. आणि जिंकली युक्रेनची जमाला, जी दोन्हीकडे दुसरी होती. २११ आणि ३२३, एकूण ५३४. सात वर्षांनी, २०२३ साली, फिनलंडच्या कारियाला प्रेक्षकांनी ३७६ गुण दिले आणि स्वीडनच्या लोरीनला २४३. पण परीक्षकांनी लोरीनला ३४० आणि कारियाला १५० दिले, आणि लोरीन जिंकली. यात भर म्हणजे परीक्षक आपलं मत आदल्या रात्रीच्या रंगीत तालमीवर देतात. शनिवारी घरोघरी जे गाणं दिसतं, त्यावर नाही.

"पब्लिक खरं की परीक्षक?" हा वाद आपल्याकडे गणपतीपासून सप्त्यापर्यंत रंगतो. हान आणि डाइकस्ट्रा यांच्या २००५ च्या अभ्यासानुसार, क्रमासारख्या गाण्याबाहेरच्या गोष्टींचा परिणाम जाणकारांवर प्रेक्षकांपेक्षा कमी होतो. कमी होतो, शून्य नाही. जाणकारांचे आपले वेगळे रोग असतात. युरोव्हिजनच्या २०२२ च्या दुसऱ्या उपांत्य फेरीत सहा देशांच्या परीक्षकांचे गुण संशयास्पद आढळले आणि आयोजकांनी ते बाद केले. एकटा परीक्षक निकाल ओढून नेऊ नये म्हणून २०१८ मध्ये तिथे प्रत्येक देशाच्या पाच परीक्षकांचे क्रम एकत्र करण्याचं सूत्रही बदललं होतं.

गावात काय करता येईल? माझ्या मते तीन गोष्टींना खर्च नाही. स्पर्धेआधी यजमान गावाच्या मंडळाला स्पर्धेबाहेर गायला लावायचं. माइकही जुळतो, परीक्षकांचा हातही बसतो. शेवटच्या मंडळानंतर परीक्षकांना सगळे आकडे पुन्हा एकदा बघून दुरुस्त करायची मुभा द्यायची, नुसत्या टिपणांच्या आधारे का होईना. आणि बेरीज करण्याआधी प्रत्येक परीक्षकाच्या गुणांचे क्रम लावून पाहायचे. दोन्ही रीतींनी निकाल एकच आला तर उत्तम, वेगळा आला तर कोणती रीत धरायची हे पत्रकावर आधीच छापलेलं हवं.

बरोबरीचा नियमसुद्धा छापायला हवा. १९६९ साली माद्रिदमधल्या युरोव्हिजनमध्ये स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स या चौघांना १८-१८ गुण पडले, नियम नव्हता, आणि चौघंही विजेते ठरले. १९९१ मध्ये स्वीडन आणि फ्रान्स १४६ वर अडले. तोवर नियम झाला होता, १२ गुण कोणाला जास्त वेळा मिळाले ते बघायचं. तिथेही बरोबरी निघाली, मग १० गुण मोजले आणि स्वीडन जिंकला. आपल्या पत्रकांवर "परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील" ही ओळ ठळक अक्षरात असते. बरोबरीबद्दल मात्र चकार शब्द नसतो, आणि सकाळी सहाला पहिलं बक्षीस "विभागून" जाहीर होतं.