डिझेल इंजेक्टर बदलणे

डिझेल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये इंधनाचा अतिसूक्ष्म फवारा सोडणारा भाग म्हणजे इंजेक्टर. तो झिजला की फवाऱ्याचे प्रमाण, आकार किंवा वेळ बिघडते आणि जुना उतरवून नवा किंवा दुरुस्त केलेला इंजेक्टर बसवावा लागतो. पान्यांचे काम त्यात थोडेच असते. बहुतेक वेळ साफसफाईत जातो, आणि जिथे तो वाचवला जातो तिथे तेच इंजिन लवकरच पुन्हा उघडावे लागते.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो, की ती ५०० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेटते. थेंब जाड पडला तर तो पुरता जळत नाही. त्याचाच काळा धूर होतो. रुडॉल्फ डिझेल यांच्या १८९७ च्या इंजिनात फवाऱ्यासाठी दाबलेली हवा वापरली जाई आणि तिच्यासाठी अवजड कॉम्प्रेसर सोबत लागे. बॉश कंपनीने १९२७ मध्ये इंधन-पंपांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले, तेव्हा कुठे डिझेल इंजिन वाहनांत सहज मावू लागले. कॉमन रेल पद्धत (सर्व इंजेक्टरांना ‘रेल’ नावाच्या एकाच सामाईक नळीतून उच्च दाबाचे डिझेल पुरवणारी) मोटारगाड्यांत आली ती १९९७ मध्ये, अल्फा रोमिओ १५६ या गाडीतून. जुन्या यांत्रिक इंजेक्टरचे नोझल, म्हणजे फवारा सोडणारे टोक, साधारण १२० ते २५० बार दाबाला उघडते (१ बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेएवढा दाब). आजच्या कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब २,००० बारच्या पुढे जातो.

एवढ्या दाबाला तग धरायची तर भागांची बसवण विलक्षण नेमकी हवी. नोझलची नीडल (उघडझाप करणारी सुई) आणि तिचे घर यांच्यातली फट २ ते ४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, तर टोकाची छिद्रे ०.१ ते ०.२ मिलिमीटरची. चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक इंजेक्टर मिनिटाला १,००० वेळा उघडतो. २,००० तासांत ही संख्या १२ कोटींवर जाते. या सगळ्या घासण्याला वंगण म्हणून जे काही मिळते ते डिझेलच. त्यामुळे त्यात पाणी उतरले किंवा फिल्टरमधून कण निसटले, की नीडलची बैठक खरवडली जाते आणि इंजेक्टर टपकू लागतो.

टपकणारा इंजेक्टर आपली लक्षणे लपवत नाही. सकाळी इंजिन लवकर सुरू होत नाही, आयडलला (गाडी उभी असताना मंद फिरताना) थरथरते, मिसिंग येते म्हणजे एखादा सिलिंडर मधूनच पेटत नाही, नॉकचा (ठोकल्यासारखा) आवाज वाढतो, डिझेल जास्त लागते. न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर पातळी चढलेली दिसली तर आनंद मानू नये. सर्वांत वाईट अवस्थेत धारेखाली पिस्टनचा माथा वितळून भोक पडते. मात्र काळा धूर चोंदलेल्या एअर फिल्टरनेही येतो आणि थरथर कमी कॉम्प्रेशननेही होते. ‘इंजेक्टर गेला’ हा निकाल तपासणीशिवाय देऊ नये.

यांत्रिक पंपाच्या इंजिनात आयडलवर एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट किंचित सैल करतात. ज्या सिलिंडरला आवाजात काहीच फरक पडत नाही, तो संशयित. कॉमन रेलवर हा प्रयोग जिवावर बेतू शकतो. त्या दाबाची धार कातडी भेदून आत शिरते, जखम बाहेरून टाचणीएवढी दिसते आणि आत ऊतींचा नाश सुरू होतो. अशा वेळी ताबडतोब शस्त्रक्रियेची गरज पडू शकते. तिथे प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्न नळीला बाटली लावून परत येणारे डिझेल मोजतात. ज्याची बाटली इतरांपेक्षा फार लवकर भरते, त्याची आतली गळती वाढलेली असते. उतरवलेला यांत्रिक इंजेक्टर हातपंपाच्या टेस्टरवर लावून उघडण्याचा दाब, फवारा आणि टपकणे पाहिले जाते.

उतरवण्याआधी इंजेक्टरभोवतीची धूळ व तेलकट थर हवेने आणि ब्रशने काढतात, रेलमधला दाब उतरू देतात. पाइप सोडताच उघडी तोंडे टोपणांनी बंद करायची. चिंधी कोंबू नये, तिचा एक धागाही पुरतो. क्लॅम्प (इंजेक्टर दाबून धरणारी पकड) काढल्यावर इंजेक्टर पानाने डावी-उजवीकडे हलवून कार्बनची पकड मोडतात. टॉमीने उचकटण्याचा मोह टाळावा. अडकलेल्याला गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरवून स्लाइड हॅमरने (दांड्यावर सरकणाऱ्या वजनाच्या हिसक्याने ओढणाऱ्या हत्याराने) सरळ वर ओढतात.

खरी कसोटी त्यानंतरच्या रिकाम्या भोकाची. तळाशी जुना तांब्याचा वॉशर चिकटून राहिलेला असतो आणि तो न पाहता नवा घातला, तर एकावर एक दोन वॉशर बसतात. नोझल तेवढे वर राहते, फवारा पिस्टनच्या खळग्यात पडायचा तो कडेला आपटतो, आणि नवा इंजेक्टर असूनही धूर जात नाही. बैठकीवरचा कार्बन खास कटरने हलक्या हाताने काढतात. कटरला ग्रीस लावले की किस त्यालाच चिकटतो, सिलिंडरमध्ये पडत नाही. वॉशर दरवेळी नवा, आणि त्या इंजिनाला सांगितलेल्या जाडीचाच. बैठक खराब राहिली तर ज्वलनवायू वर निसटतात, ‘चफ-चफ’ आवाज येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा कडक थर साचतो. पुढच्या वेळी तो इंजेक्टर काढताना घाम फुटतो.

बसवताना बऱ्याच इंजिनांत पाइपचा नट आधी हाताने लावून इंजेक्टरची दिशा जुळवतात, मग क्लॅम्प आणि शेवटी पाइप टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराइतकेच आवळता येणाऱ्या पान्याने) आवळतात. आकडे त्या इंजिनाच्या पुस्तिकेतलेच घ्यावेत. ‘हाताचा अंदाज’ इथे चालत नाही.

नव्या कॉमन रेल इंजेक्टरवर बहुधा एक सांकेतिक क्रमांक कोरलेला असतो. कारखान्यातल्या चाचणीत त्या नगाचा प्रवाह आदर्शापासून किती ढळला, याची ती नोंद. मुख्य फवाऱ्याआधीचा छोटा फवारा जेमतेम १-२ घनमिलिमीटरचा असल्याने एवढासा फरकही आवाजात कळतो. म्हणून ज्या इंजिनात असा क्रमांक वापरतात, तिथे तो स्कॅनरने (गाडीला जोडायच्या तपासणी-यंत्राने) इंजिनाच्या संगणकात भरल्याशिवाय काम पुरे होत नाही.

मग लाइनमधली हवा काढायची. यांत्रिक पद्धतीत हातपंप मारून फिल्टर, नंतर पंप आणि शेवटी इंजेक्टरकडचे नट या क्रमाने बुडबुडे जाईपर्यंत. कॉमन रेलमध्ये नट न सोडता, टाकीतल्या विजेच्या पंपाने किंवा स्कॅनरच्या आदेशाने. स्टार्टर सलग दाबून ठेवू नये, मध्ये थंड होऊ द्यावा.

सगळे इंजेक्टर एकदम बदलावेत का, याला एक उत्तर नाही. सगळे सारखेच चाललेले असतील आणि बाकीच्यांचे रिटर्न मापही वाढलेले दिसले, तर एकट्याला बदलून काम लांबते एवढेच. पण एकच नग कचऱ्याने बिघडला असेल, तर बाकीच्या निरोगी भागांना हात लावण्याचे कारण नाही. डिझेल फिल्टर मात्र दोन्ही वेळा नवा, आणि ऑइलमध्ये डिझेल उतरले असेल तर ऑइल व त्याचा फिल्टरही. जुना डिझेल फिल्टर फेकण्याआधी कापून उजेडात धरावा. त्यात धातूची चकाकी दिसली, तर इंजेक्टर फक्त बळी ठरलेला असतो. आतून खरवडत असलेला उच्चदाब पंप तो चुरा पुढे पाठवत असतो आणि पंप, रेल, पाइप व टाकी साफ करेपर्यंत किंवा बदलेपर्यंत नव्या इंजेक्टरांचीही तीच गत होते.