शेवंतीला अंधार लागतो

गेल्या दिवाळीत आमच्या मागच्या अंगणातली शेवंती पिवळीधमक झालेली, आणि गेटजवळच्या कुंडीतली, त्याच झाडाचा फुटवा, एकाच दिवशी लावलेला, तेच शेणखत तेच पाणी, ती नुसती हिरवीगार. एक कळी म्हणून नाही. शेजारच्या अक्का (त्यांच्या तेलुगूत चामंती, पलीकडच्या कन्नड घरात सेवंतिगे, सोलापुरात एका फुलाला तीन नावं असतातच) म्हणाल्या खत कमी पडलं असेल बघ. मी आणखी खत घातलं. आणखी पानं आली.

गडबड खताची नव्हतीच, वर एलईडी स्ट्रीटलाईट होता, रात्रभर चालू.

शेवंतीला शास्त्रात शॉर्ट डे झाड म्हणतात, म्हणजे दिवस लहान व्हायला लागले की कळ्या धरणारं. हा प्रकार १९२० साली गार्नर आणि अलार्ड या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवला. पण नाव थोडं फसवं आहे. १९३८ मधे हॅमनर आणि बॉनर यांनी एका रानटी तणावर प्रयोग केला, दिवसा मधेच अंधार केला तर झाडाला काही फरक पडेना, पण लांब रात्रीत मधेच थोडा वेळ दिवा लावला की फुलं बंद! म्हणजे झाड दिवस नाही, रात्र मोजतं, आणि ती सलग लागते. पानांमधलं फायटोक्रोम नावाचं रंगद्रव्य उजेड आहे का अंधार ते ओळखतं, मग पानातनं निरोप शेंड्याकडं जातो. हा निरोप पानातनंच निघतो हे रशियात चैलाख्यान या शास्त्रज्ञांनी दाखवलं तेही शेवंतीवरच, शेंड्याकडची पानं काढून टाकली आणि फक्त खालच्या पानांना लहान दिवस दिले तरी वर फुलं आली. १९३७ मधे त्यांनी त्या निरोपाला फ्लोरिजेन नाव दिलं, ते नेमकं कुठलं प्रोटीन हे कळायला अजून सत्तर वर्षं गेली.

आपल्या सोलापुरात जूनमधे दिवस साधारण १३ तास १० मिनिटांचा, म्हणजे रात्र ११ तासांपेक्षा कमी. डिसेंबरात रात्र १३ तासांच्या आसपास. दसरा दिवाळीला शेवंती का येते ते यातच आलं.

बाकी झाड तसं गुणी आहे, एकदा लावलं की वर्षानुवर्षं राहतं, फक्त आपला उन्हाळा त्याला सोसत नाही. फुलं संपली की दांडे चार बोटं ठेवून कापायचे, बुडातनं फुटवे येतात, मार्च ते मे कुंडी सावलीत सरकवायची, सकाळी पाणी. जून-जुलैत फुटवे सोडवून वेगळे लावायचे. नुसती काळी माती कुंडीत भरू नका, ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात, आणि मुळं कुजतात ती यामुळंच. मी निम्मी माती, बाकी वाळू आणि शेणखत घेते. बोअरचं पाणी घालत असाल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो, ते क्षार, पावसाचं पाणी सापडलं तर भरपूर ओतून धुवून काढा. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, दोन-तीनदा, जीव होत नाही पण खुडायचा, एकाच्या जागी चार फांद्या येतात. ऑगस्ट संपला की खुडणं बंद, नाहीतर कळ्याच खुडल्या जातात. मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) पडला तर साबणाचं पातळ पाणी पानांच्या खालच्या बाजूनं मारा.

गेटजवळची कुंडी सिमेंटची, आम्हा दोघांनाही उचलेना, आणि रस्त्यावरचा दिवा बंद करायला कोण येणारंय. मग नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासनं रोज संध्याकाळी सहाला तिच्यावर चार काठ्या रोवून जुनी जाड सोलापुरी चादर दुहेरी करून घालायची, सकाळी सातला काढायची. गल्लीतली पोरं विचारायची, काकू झाडाला थंडी वाजायलीय का ओ. चौथ्या आठवड्यात शेंड्याला मुगाएवढ्या हिरव्या गाठी दिसल्या, पानं बाजूला करून बघितलं तर प्रत्येक फांदीला चार-पाच. जानेवारीत, आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला उमलल्या. पहिलं फूल अक्कांनी केसात घातलं आणि म्हणाल्या, बघ, खत लागू पडलं.