मराठवाड्यातला रस्त्याकडेचा मॅनेजर कुठून आला

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला. जालना आणि संभाजीनगरच्या शिवारातून गाड्या ताशी 120 ने पळू लागल्या, पण सुरुवातीच्या काळात वाटेत चहा, जेवण, शौचालय सगळ्याचीच आबाळ होती. एवढा मोठा रस्ता आणि साधी टपरी नाही, असं जो तो म्हणायचा. जुन्या रस्त्यांवर चहा-जेवणासाठी तरी ही वेळ कधी आली नव्हती, कारण तिथे फाटा होता.

निजामाच्या राज्यात सरकारी बस 1932 साली 27 गाड्यांवर सुरू झाली. 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे एसटी गावोगाव पोचली. गाडी फाट्यावर थांबायची, माणसं ताटकळायची, मग तिथे चहाची भट्टी पेटायची. शेजारी पंक्चरवाला, पानवाला. धुळे-सोलापूर रस्त्यावर बीड, मांजरसुंबा, तुळजापूर या पट्ट्यातली हॉटेलं अशीच वाढली.

त्या धंद्यात पदवी लागत नव्हती. गावातलं पोरगं आधी टेबल पुसायचं, मग भटारखान्यात वस्तादाच्या हाताखाली कांदा चिरायचं, दहा-बारा वर्षांनी गल्ल्यावर बसायचं. गल्ल्यावरच्या माणसाचं कसब मी जवळून पाहिलंय. लांबून एसटीचा हॉर्न आला की तो मान न वळवता आत आवाज देतो, “पन्नास माणूस!” गाडी थांबेपर्यंत भज्यांचा पहिला घाणा कढईत पडलेला असतो. ड्रायव्हर-कंडक्टरचं ताट आधी लागतं आणि त्याचे पैसे घ्यायचे नसतात, कारण गाडी उद्याही इथेच थांबायला हवी.

त्याहून अवघड काम पाण्याचं. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो हा मुलूख. उन्हाळ्यात टँकर कधी सांगायचा, भांड्यांना किती, पिण्याला किती, याचा हिशेब ज्याला जमला त्याचंच हॉटेल टिकलं. शौचालयाकडे मात्र बहुतेकांनी पाठ फिरवली. लांबच्या प्रवासाला निघालेल्या बायका आदल्या रात्रीपासून पाणी कमी पितात, हे आमच्या घरातही वर्षानुवर्षं चाललंय. या धंद्याचा हा सगळ्यात मोठा दोष आहे.

पुढे संभाजीनगरात ताज समूहाच्या साथीने हॉटेल मॅनेजमेंटचं कॉलेज निघालं. तिथली मुलं बहुतेक मोठ्या शहरांकडे गेली, फाट्याकडे फारसं कोणी वळलं नाही.

समृद्धीला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे, उतरायचं ते फक्त इंटरचेंजवर. बांधावर शेड टाकून धंदा लावायची सोयच नाही. जागा रस्ते विकास महामंडळ ठरवतं, कंत्राट निघतं, मॅनेजर नेमला जातो. त्यामुळे स्वच्छतागृहाची जबाबदारी निदान कागदावर तरी कोणाची तरी झाली, हे चांगलंच. पण टेबलापासून गल्ल्यापर्यंतची जुनी वाट इथे तुटते. ज्यांच्या जमिनी या रस्त्याखाली गेल्या त्यांच्या पोरांना पार्किंगच्या शिट्टीवरच अडकवून ठेवू नये. भटारखाना, हिशेब, पाणी सगळं शिकवून त्यांना मॅनेजरच्या खुर्चीवर बसवलं पाहिजे, आणि ही अट कंत्राटातच असायला हवी.