पासवर्ड फाशावर सोडा

आमच्या जुन्या ऑफिसात दर ९० दिवसांनी पासवर्ड बदलावा लागे. माझ्या शेजारी बसणाऱ्या ताईंचा पासवर्ड म्हणजे 'गणपती', पुढे ॲटचं चिन्ह आणि १. तीन महिन्यांनी १ चा २ झाला, मग ३. विसरायला नको म्हणून त्या टेबलावरच्या कॅलेंडरवर नुसता आकडा लिहून ठेवत. मी ती नोकरी सोडली तेव्हा कॅलेंडरवर ११ होता. त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही. दिवसाला दहा कामं सांभाळणाऱ्या माणसाला वारंवार नवं काही सुचवायला लावलं, की तो जुन्यालाच ठिगळ लावणार.

हे ठिगळ किती तकलादू असतं, ते मोजलं गेलं आहे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या संशोधकांनी ७,७०० हून अधिक बंद खात्यांचे जुने पासवर्ड तपासले. आधीचा पासवर्ड हाती असेल तर पुढचा ओळखता येतो का, एवढाच प्रश्न होता. किमान ४१ टक्के पासवर्ड काही सेकंदांत उलगडले. २०१७ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेने भूमिका बदलली. मुदत संपली म्हणून पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा मात्र बदलायला लावाच. मोठं अक्षर, आकडा, चिन्ह यांची सक्ती नको, लांबी वाढू द्या. २००३ मध्ये जुने नियम लिहिणारे बिल बर यांनीही त्याच वर्षी त्या नियमांबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

लांबीला एवढं महत्त्व का, हे समजायला चोर कुठे बसतो ते पाहायला हवं. तो लॉगिनच्या पानावर बसून एकेक पासवर्ड टाकत नाही, कारण पाच-दहा चुकांनंतर खातं अडतं. वेबसाइटवरून चोरलेली फाइल तो निवांत आपल्या कॉम्प्युटरवर उघडतो. चांगल्या वेबसाइटच्या फाइलमध्ये पासवर्ड जसेच्या तसे नसतात, दळून ठेवलेले असतात. या दळण्याला हॅशिंग म्हणतात. गव्हाचं पीठ होतं, पिठाचे गहू होत नाहीत. मग चोर स्वतःचे अंदाज त्याच गिरणीत घालतो आणि पीठ जुळतं का पाहतो. जुळलं, की पासवर्ड सापडला.

ही लढाई जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९ मध्ये ३,२८९ पासवर्ड तपासले, तेव्हा ८६ टक्के सहज हाती लागले. त्यांचे उपाय आजही चालतात. एक, दळण मुद्दाम सावकाश करायचं. दुसरा, प्रत्येक पासवर्डमध्ये दळण्याआधी वेगळं चिमूटभर मीठ घालायचं. दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगळं दिसतं आणि चोराला प्रत्येक खात्यासाठी नव्यानं दळावं लागतं. पण सगळे हे पाळत नाहीत. २००९ मध्ये रॉकयू या कंपनीचे सुमारे ३.२ कोटी पासवर्ड फुटले, ते तर न दळलेलेच होते. त्यांत सुमारे २.९ लाख खात्यांचा पासवर्ड १२३४५६ होता. चोरांचे पहिले अंदाज अशाच फुटलेल्या याद्यांतून येतात.

आता हिशेब. गिरणी जलद असेल, तर चोर सेकंदाला शंभर अब्ज अंदाज दळू शकतो असं धरू. छोट्या इंग्रजी लिपीतली कोणतीही आठ अक्षरं घेतली, तर सगळ्या शक्यता दोन सेकंदांत संपतात. मोठी अक्षरं, आकडे, चिन्हं मिसळली तर सुमारे अठरा तास. आणि ७,७७६ शब्दांच्या यादीतून फाशानं निवडलेले सहा शब्द? सुमारे सत्तर हजार वर्षं. यादी चोराच्या हातात आहे हे धरूनसुद्धा.

अरनॉल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये सुचवलेली ही पद्धत मी मराठीत वापरतो. सापशिडीच्या डब्यातला फासा आणि घरातला जाडजूड शब्दकोश पुरतो. तीन वेळा फासा टाकायचा, समजा ३, ५, २ पडले. पहिल्या दोन आकड्यांतून प्रत्येकी एक वजा करायचा, मग पहिल्याला छत्तीसनं आणि दुसऱ्याला सहानं गुणायचं, तिसरा तसाच मिळवायचा. दोन छत्तीस बहात्तर, चार सक चोवीस, वर दोन, म्हणजे पान ९८. मग आणखी दोनदा टाकायचा. ४, १ पडले तर तीन सक अठरा अधिक एक, म्हणजे त्या पानावरचा एकोणिसावा शब्द. पानं २१६, शब्द ३६, गुणाकार बरोबर ७,७७६. असं सहा वेळा केलं की हाती येतं: ओसरी, कंदील, कुंभार, खडू, चटई, जांभूळ. हे सहा इथे छापले गेले, त्यामुळे ते बाद, तुमचे वेगळे काढा. इंग्रजी लिपीत टाइप करताना स्पेलिंग एकदाच ठरवा. आवडला नाही म्हणून शब्द बदलायचा मोह मात्र टाळा. निवड मनाची झाली की ती ओळखता येते. मुलाचं नाव, जन्मसाल, कुलदैवत हे सगळं फेसबुकवर असतं.

असे शब्द ईमेल, फोन आणि पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड बनवून कुलपात जपणारं ॲप) एवढ्यांपुरते पाठ करा, बाकीचे मॅनेजरला बनवू द्या. आईला मॅनेजर जमत नाही, म्हणून तिचे शब्द कागदावर लिहून आम्ही दागिन्यांच्या कपाटात ठेवले आहेत. दूर देशातल्या चोराचा हात तिथे पोचत नाही.

पासवर्ड बदलायचा कधी? फुटल्याची बातमी आली, अनोळखी लॉगिनचा निरोप आला किंवा तोच पासवर्ड दुसरीकडे वापरला असेल, तर आजच. निरोपातल्या लिंकवर बोट लावू नका, पत्ता स्वतः टाइप करा. आधी ईमेलचा बदला, कारण बाकी सगळ्यांचे 'पासवर्ड विसरलात?' तिथेच येऊन पोचतात. नवा ठेवल्यावर 'सर्व डिव्हाइसवरून बाहेर पडा' हे बटण दाबायचंच, नाहीतर आत शिरलेला चोर आतच राहू शकतो. आणि खात्याला जोडलेला मोबाइल नंबर तपासा. भारतात बंद केलेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो, आणि तुमचा ओटीपी मग त्याच्या फोनवर वाजतो.