हेडफोन : घरगुती मिक्सिंगसाठी निवड

मिक्सिंगमध्ये, म्हणजे स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित केलेले निरनिराळे ट्रॅक एकत्र जुळवताना, त्यांची पातळी, स्वररंग आणि डावी-उजवी जागा ठरवताना कानावर विसंबता यावे, यासाठी केलेली हेडफोनची निवड. घरच्या खोलीत भिंतींवरून परतणाऱ्या ध्वनीमुळे बास (खालचे स्वर) कुठे फुगतो, तर कुठे नाहीसा होतो. हेडफोनमुळे ही अडचण टळते, परंतु ‘सपाट’ प्रतिसाद (उंच-खालचे सर्व स्वर समतोल ऐकवणारा) कशाला म्हणावे, हा अधिक अवघड प्रश्न पुढे येतो.

लाउडस्पीकरचा ध्वनी कानाच्या पडद्यापर्यंत पोचेतो डोके, बाह्यकर्ण आणि कर्णनलिका त्याला आकार देतात. कर्णनलिकेची लांबी सुमारे २.५ सेंमी. असल्याने तिचा अनुनाद ३ किलोहर्ट्झच्या आसपास पडतो, आणि तेथे पडद्यापाशी पातळी दहा डेसिबेलहून अधिक चढलेली असते. हेडफोन या मार्गाचा काही भाग वगळतो. म्हणून हा चढ त्याच्या प्रतिसादातच असावा लागतो. तो नेमका कसा असावा, याविषयी मतभेद आहेत. आरंभी समोरून येणाऱ्या ध्वनीचे ‘मुक्त क्षेत्र’ प्रमाण धरले जाई. जर्मन ध्वनितज्ज्ञ ग्युंटर टाइले यांनी १९८६ मध्ये सर्व दिशांनी सारख्याच येणाऱ्या ध्वनीच्या ‘विसरित क्षेत्रा’ची बाजू मांडली आणि पुढे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीएस.७०८ या शिफारशीत स्टुडिओ हेडफोनसाठी तेच स्वीकारले गेले. साधारण २०१२ पासून शॉन ऑलिव्ह व टॉड वेल्टी यांनी हार्मन कंपनीत घेतलेल्या श्रवणचाचण्यांत मात्र श्रोत्यांचा कौल चांगल्या खोलीतील लाउडस्पीकरशी जुळणाऱ्या, बासमध्ये काहीशा चढ्या प्रतिसादाकडे पडला. मिक्स लाउडस्पीकरवरही वाजणार असल्याने हे मत अधिक ग्राह्य वाटते. तथापि या चाचण्यांनी मोजली ती पसंती, अचूकता नव्हे.

मिक्सिंगसाठी सहसा ओपन-बॅक (कपाची मागची बाजू उघडी असलेले) हेडफोन घेतात, कारण कपाच्या पोकळीतील परावर्तने त्यांत कमी असतात. या प्रकारचा बाजारातील पहिला हेडफोन म्हणून बहुधा सेनहायझरच्या एचडी ४१४ चा (१९६८) उल्लेख होतो. क्लोज्ड-बॅकमध्ये (मागून बंद कपांच्या हेडफोनमध्ये) बास कानावरच्या गादीच्या घट्ट बसण्यावर अवलंबून असतो. चष्म्याची काडी गादीखाली आली तरी हवा निसटून बास उतरतो. कप हलकेच दाबताच तो वाढला, तर फट आहे असे समजावे. हेडफोनचा इंपीडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) २५० ओहम असल्यास साध्या लॅपटॉपमधून आवाज बहुधा अपुरा मिळतो. ॲम्प्लिफायरचा आउटपुट इंपीडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, हा प्रचलित आडाखा आहे.

हेडफोनमध्ये डावा चॅनेल डाव्याच कानाला मिळतो, त्यामुळे स्टेरिओ रुंद भासतो आणि मधला गायक डोक्याच्या आत उभा राहिल्यासारखा वाटतो. रिव्हर्बही (ध्वनीला जोडलेला घुमारा) अधिक स्पष्ट ऐकू येत असल्याने तो कमी टाकला जाण्याचा धोका असतो. चॅनेल असे वेगळे पडण्यावर उपाय म्हणून ध्वनि-अभियंते बेंजामिन बॉवर यांनी १९६१ मध्ये एका चॅनेलचा अंश किंचित उशिराने दुसऱ्यात मिसळणारे परिपथ सुचवले. आजची क्रॉसफीड प्लगइन (मिक्सिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायची छोटी साधने) याच तत्त्वावर चालतात. ती केवळ ऐकण्यापुरती लावायची असून अंतिम फाइल काढताना बंद ठेवावी लागतात.