सहनशक्ती मोटारशर्यतीचा चालक

सहनशक्ती मोटारशर्यतीचा चालक : सहा, बारा किंवा चोवीस तासांच्या शर्यतीत एकच गाडी आळीपाळीने चालवणाऱ्या दोन ते चार जणांपैकी एक. बोलताना ‘एन्ड्युरन्स ड्रायव्हर’ असेच म्हणतात. एका चालकाची एक फेरी कितीही वेगवान असली, तरी निकाल गाडीने कापलेल्या अंतरावर लागतो. म्हणून संघमालक फेरीतला सर्वोत्तम वेळ विचारतात खरे, पण करार देताना सलग पन्नास फेऱ्यांच्या वेळांमधला फरक पाहतात.

उगम : चोवीस तासांची पहिली शर्यत कोणती, याबद्दल दोन मते आहेत. जुलै १९०५ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात, कोलंबस येथे घोड्यांच्या शर्यतीच्या मातीच्या धावपट्टीवर अशी शर्यत झाली. ब्रिटिश लेखक मात्र जून १९०७ मधील, इंग्लंडमधल्या ब्रुकलंड्स या धावपट्टीचे उदाहरण देतात. तिथे एस. एफ. एज यांनी नेपियर गाडी चोवीस तास एकट्याने चालवली आणि ताशी सुमारे १०६ किमी. सरासरी राखली. हा विक्रमाचा प्रयत्न होता, चुरशीची शर्यत नव्हे. त्यामुळे कोलंबसचा दावा अधिक सयुक्तिक वाटतो. आज ज्या स्वरूपात हा पेशा दिसतो त्याचे मूळ मात्र फ्रान्समधील ल मान्स येथे मे १९२३ मध्ये सुरू झालेल्या शर्यतीत आहे. बेल्जियममधील स्पा (१९२४), अमेरिकेतील सेब्रिंगची बारा तासांची शर्यत (१९५२) आणि डेटोना (१९६६ पासून चोवीस तास), जर्मनीतील न्यूरबर्गरिंग (१९७०) ही पुढची ठळक नावे.

एकट्याने चालवण्याचा प्रश्न : सुरुवातीच्या काळात गाडीवर दोन चालक असत, पण दुसऱ्याला किती वेळ द्यायचा यावर फारसे बंधन नव्हते. १९५० साली ल मान्समध्ये एडी हॉल यांनी बेंटली पूर्ण चोवीस तास एकट्याने चालवून आठवा क्रमांक मिळवला. त्याच वर्षी विजेते लुई रोझिए यांनी आपल्या मुलाकडे गाडी जेमतेम दोन फेऱ्यांपुरती दिली. १९५२ साली पिएर लेव्हे यांनी सहचालक रने मार्शां यांना गाडी दिलीच नाही. सुमारे चार फेऱ्यांची आघाडी असताना, शेवटचा तास-सव्वा तास उरला होता तेव्हा त्यांच्या टॅल्बो-लागो गाडीचे इंजिन बसले आणि विजय मर्सिडीजकडे गेला.

हे इंजिन का बसले, याची चर्चा अजून चालते. थकलेल्या लेव्हेंचा गिअर चुकला, इंजिन मर्यादेबाहेर फिरले आणि आतले भाग तुटले, ही लोकप्रिय हकिगत. दुसरे मत असे, की क्रँकशाफ्टच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मधल्या बेअरिंगचा बोल्ट शर्यतीच्या बऱ्याच आधीच्या टप्प्यात सैल झाला होता. त्यामुळे उठणारी कंपने लेव्हेंना जाणवत होती आणि गाडी दुसऱ्याच्या हाती न देण्याचे तेच कारण होते. या गाडीत विल्सन प्रीसिलेक्टर गिअरबॉक्स होता हे इथे लक्षात घ्यावे लागते. त्यात पुढचा गिअर लहान दांड्याने आधी निवडून ठेवतात आणि पेडल दाबल्यावरच तो पडतो. म्हणजे नेहमीच्या गिअरबॉक्सप्रमाणे गिअर ‘हुकणे’ तिथे अवघड. चुकीचा गिअर आधीच निवडला गेला असणे शक्य आहे, पण बोल्टचे स्पष्टीकरण यांत्रिकदृष्ट्या जास्त पटते. कारण काहीही असो, पुढे नियम कडक होत गेले. आज ल मान्समध्ये कोणत्याही सहा तासांच्या अवधीत चार तासांपेक्षा जास्त आणि एकूण चौदा तासांपेक्षा जास्त एका चालकाला गाडी चालवता येत नाही.

चालकांची प्रतवारी : आंतरराष्ट्रीय मोटार महासंघ (एफआयए) चालकांना वरून खाली प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर आणि ब्राँझ अशा चार श्रेणींत बसवतो. उशिरा या खेळात आलेले, व्यवसाय-धंदा सांभाळून शर्यतीत उतरणारे बहुतेक ब्राँझमध्ये असतात. जागतिक मालिकेतील एलएमजीटी३ (रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवर बेतलेल्या गाड्यांच्या) वर्गात प्रत्येक गाडीवर ब्राँझ चालक सक्तीचा आहे. या सक्तीमुळेच पेशेवर चालकाला काम मिळते. ब्राँझ चालक खर्चाचा मोठा वाटा उचलतो आणि त्याला शिकवणारा, त्याने गमावलेले सेकंद भरून काढणारा माणूस संघाला लागतो. पगारी चालकाच्या कारकिर्दीची बरीच वर्षे याच कामात जातात. वेगवान सिल्व्हर चालकाला बाजारात मोठी मागणी असते, कारण श्रेणी खालची पण वेग वरच्या श्रेणीचा. गोल्डमध्ये बढती मिळताच हातचे काम जाणे ही या पेशातली नेहमीची तक्रार.

चालक-बदल : हे कौशल्य वेगळे शिकावे लागते. गाडी थांबताच उतरणारा चालक सहा टोकांचा पट्टा सोडतो, पाण्याची नळी आणि रेडिओची पिन काढतो आणि स्वतःच्या मापाचा आसन-साचा उचलून बाहेर पडतो. चढणारा आपला साचा टाकतो, बसतो. उतरलेला चालक किंवा मदतनीस खांद्याचे पट्टे ओढून देतो. इंधन भरले जात असतानाच हे उरकायचे असते. ठरलेल्या चुका तीन. कमरेचा पट्टा साच्याखाली अडकतो आणि तो काढायला पुन्हा उठावे लागते. रेडिओची पिन पूर्ण बसत नाही आणि चालक पुढचा पाऊण तास संघाशी बोलू शकत नाही. खांद्याचे पट्टे आधी ओढून कमरेचा नंतर ओढला, तर तो पोटावर चढतो. अपघातात हे घातक ठरते. म्हणून आधी कंबर, मग खांदे हा क्रम सरावात पक्का करून घेतात.

उष्णता : बंद गाडीत दोन-अडीच तासांत दोन-तीन किलो वजन घामावाटे जाऊ शकते. नुसते पाणी पिऊन भागत नाही. मीठ भरून न निघाल्यास पायाला गोळे येतात आणि ब्रेकवरचा दाब असमान होऊ लागतो. शरीराला उष्णतेची सवय होण्यास साधारण एक ते दोन आठवडे लागतात. गोव्यातल्या मे महिन्यात हा सराव आयताच होतो, कारण दमट हवेत घाम सुकत नाही आणि अग्निरोधक पोशाखाच्या आतही नेमकी तीच स्थिती असते. मिठाची पेज आणि आमसुलाचे सरबत यांना इथे तुच्छ लेखण्याचे कारण नाही.

भारतीय चालक : ‘ल मान्समधला पहिला भारतीय’ हा मान कधी नारायण कार्तिकेयन यांना, तर कधी करुण चंडोक यांना दिला जातो. २००९ साली कार्तिकेयन कोलेस संघाच्या ऑडी आर१० गाडीवर नियुक्त होते, पण शर्यत सुरू होण्यापूर्वी पिटच्या (गाड्या थांबवण्याच्या जागेच्या) भिंतीवरून उतरताना त्यांचा खांदा निखळला. आंद्रे लोटेरर आणि चार्ल्स झ्वोल्समन या दोघांनीच गाडी सातव्या क्रमांकावर आणली. चंडोक यांनी २०१२ साली जेआरएम संघाच्या गाडीतून डेव्हिड ब्रॅबहॅम आणि पीटर डम्ब्रेक यांच्यासह सहावा क्रमांक मिळवला. प्रत्यक्ष शर्यतीत चालवणे हा निकष धरल्यास मान चंडोक यांचा ठरतो. २०१९ साली अर्जुन मैनी एलएमपी२ (खास शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांच्या) वर्गात उतरले. कार्तिकेयन आणि चंडोक या दोघांच्याही घरात मोटारशर्यतीची परंपरा होती. भारतातील या पेशाची पार्श्वभूमी अजून बऱ्याच अंशी अशी घराण्यांची आहे.

राष्ट्रीयत्वाचा नियम गोव्यात विशेष महत्त्वाचा आहे. एफआयएच्या जागतिक अजिंक्यपद मालिकांत चालकाचे राष्ट्रीयत्व त्याच्या पासपोर्टवरून धरले जाते, परवाना कोणत्या देशाने दिला यावरून नाही. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला गोंयकार भारतीय परवान्यावर तिथे उतरला, तरी त्याच्या नावापुढे पोर्तुगालचाच झेंडा लागेल.

गोवा : कायमस्वरूपी मोठी धावपट्टी नसल्याने इथल्या इच्छुकाला सरावासाठी राज्याबाहेर जावे लागते. कोल्हापूरचा कार्टिंग (छोट्या उघड्या गाड्यांचा) ट्रॅक जवळचा; पुढे कोइंबतूरची करी ही धावपट्टी आणि चेन्नईजवळची इरुंगट्टुकोट्टईची. २०१४ पासून गोव्याच्या पावसाळ्यात झालेली रेनफॉरेस्ट चॅलेंज ही मूळची मलेशियातील (१९९७), चिखल-ओढ्यांतून गाडी काढण्याची स्पर्धा वेगळ्या जातीची. तिथे वेगापेक्षा विंच (रुतलेली गाडी तारेने ओढून काढणारे, ड्रमवर तार गुंडाळलेले यंत्र) चालवण्याचे ज्ञान कामाला येते. जांभ्याच्या लाल चिखलात टायरच्या खाचा भरून गुळगुळीत होतात, चाक जागीच फिरते आणि मग सहचालक विंचची तार घेऊन झाडाकडे धावतो. झाडाला रुंद पट्टाच गुंडाळावा लागतो. नुसत्या तारेने साल कापली जाते. तारेचे किमान पाच वेढे ड्रमवर राहू द्यावेत, नाहीतर ओढीचा सगळा भार तार अडकवलेल्या टोकावर येऊन ती निसटते. ओढ अपुरी पडल्यास कप्पी लावतात. ओढ जवळपास दुप्पट होते, तार निम्म्या गतीने येते. पूर्ण भाराखाली १२ व्होल्टची विंच चारशे अँपिअरच्या आसपास वीज खेचते. इंजिन बंद ठेवून ती चालवल्यास बॅटरी काही मिनिटांत उतरते आणि गाडी तिथेच ओढ्यात राहते.