सिक्वेल स्टीमवर येणार का, ही धाकधूक नेमकी कुठून आली

बॉर्डरलँड्स ४ हा गेम जाहीर झाला तेव्हा पीसीवर खेळणाऱ्यांनी कथा, हिरो, बंदुका सगळं बाजूला ठेवून आधी एकच विचारलं, पहिल्या दिवशी स्टीमवर (पीसी गेम विकणारं ऑनलाइन दुकान) आहे ना? ज्यांनी २०१९ बघितलंय त्यांना हा प्रश्न का पडतो ते सांगायला नको, पण मधल्या काळात नवीन आलेल्या पोरांसाठी लिहितोय.

२००४ मध्ये हाफ-लाइफ २ साठी स्टीम टाकणं सक्तीचं होतं तेव्हाही लोक वैतागले होतेच, पण तो गेम स्टीमवाल्यांच्याच घरचा होता. पुढच्या चौदा वर्षांत आपली लायब्ररी, मित्र, सेव्ह फाइल्स सगळं तिथेच साठलं. डिसेंबर २०१८ मध्ये एपिक या कंपनीचं तसंच स्टोअर आलं, विक्रीतून कापायचं कमिशन १२ टक्के, स्टीमचं मूळचं ३०. डेव्हलपरच्या बाजूने बघितलं तर हा फरक खरंच मोठा आहे आणि त्यात वाईट काही नाही. पण गिऱ्हाईकाला तिथे जायचं कारण काय? साधं शॉपिंग कार्ट यायला डिसेंबर २०२१ उजाडलं! मग कारण तयार केलं गेलं, गेमच तिकडे न्यायचे.

सगळ्यात जास्त जखम केली ती मेट्रो एक्झोडस या गेमने. आधीचे दोन्ही भाग स्टीमवर, तिसऱ्याची प्री-ऑर्डर पण स्टीमवर कित्येक महिने चालू, रिलीज १५ फेब्रुवारी २०१९. आणि २८ जानेवारीला, म्हणजे फक्त १८ दिवस आधी, जाहीर झालं की आता विक्री फक्त एपिकवर, स्टीमवर एक वर्षाने. ज्यांनी आधीच पैसे भरले होते त्यांना गेम आणि पुढचे डीएलसी (गेमला नंतर जोडले जाणारे भाग) स्टीमवरच मिळाले, हे मान्य करायलाच हवं, आणि अमेरिकेत किंमतही ६० डॉलरवरून ५० वर आली. तरीही लोक का चिडले? कारण एक्सक्लुझिव्ह डील (गेम एकाच दुकानात विकायचा करार) सुरुवातीलाच सांगितलं तर आपण ठरवू शकतो थांबायचं की नाही, इथे मांडलेलं दुकान शेवटच्या क्षणी उचललं. स्टीमच्या पानावरसुद्धा तेव्हा लिहून आलं की एवढ्या लांब प्री-सेलनंतर असं करणं ग्राहकांवर अन्याय आहे. ते प्रतिस्पर्धी आहेत, त्यांचा स्वार्थ आहेच, पण मला ते वाक्य आजही बरोबर वाटतं.

त्याच एप्रिलमध्ये बॉर्डरलँड्स ३ सहा महिने एपिकवर राहणार असं कळलं आणि लोकांनी राग जुन्या भागांना वाईट रिव्ह्यू देऊन काढला. शेनमू ३ चं प्रकरण तर अजून वाईट, २०१५ मध्ये चाहत्यांनी स्वतःच्या खिशातून ६३ लाख डॉलर जमवून दिले, स्टीमची की (गेम मिळवायचा कोड) मिळेल असं सांगितलं होतं, आणि जून २०१९ मध्ये समजलं की एपिक. बरीच ओरड झाल्यावर रिफंड दिले.

आता यात शब्दाचा पण घोळ आहे. "एक्सक्लुझिव्ह" म्हटलं की सगळे एकाच पिशवीत टाकतात. कंट्रोल या गेमचं ठराविक मुदतीचं डील होतं, गेम आधीच बनत होता, एपिकने साधारण ९५ लाख युरो दिले आणि एक वर्षाने तो स्टीमवर आला. अॅलन वेक २ वेगळा, तिथे एपिक स्वतःच प्रकाशक, गेम बनवायला पैसे त्यांनीच घातले, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेला तो सिक्वेल एक वर्ष उलटून गेलं तरी स्टीमवर आला नाही. तेरा वर्षं वाट बघितलेल्या चाहत्यांना हे लागणारच, मलाही लागलं, पण तो पैसा नसता तर हा भाग कदाचित बनलाच नसता, आणि मेट्रोबद्दल असं अजिबात म्हणता येत नाही.

बॉर्डरलँड्स ४ सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्हीकडे एकाच दिवशी आला. तरी कुठल्याही सिक्वेलची घोषणा झाली की मी आधी खाली प्रकाशकाचं नाव बघतो, ट्रेलर नंतर.